आफ्टरशेव्हमधलं दगडफूल

ठाण्यात टेंभी नाक्याच्या आसपास जुन्या वळणाची जी थोडी सलून उरली आहेत, तिथे दाढीचा शेवट अजून ठरलेल्या क्रमाने होतो. वस्तरा पुसून बाजूला जातो, ओल्या गालांवरून तुरटीचा खडा फिरतो, मग कारागीर तळहातावर पांढऱ्या बाटलीतून चार थेंब ओतून विचारतो, "काका, लोशन लावू ना?" काका नुसती मान हलवतात. गालावर हात पडतो, काकांचं तोंड क्षणभर वाकडं होतं. झोंबणं ओसरलं की लवंग, दालचिनी आणि किंचित व्हॅनिला असा वास खुर्चीभोवती रेंगाळतो.

गंमत अशी की काकांच्या मुलाने ज्या वासाला 'म्हाताऱ्यांचा' म्हणून नाक मुरडलं, तोच आता नातू हौसेने शोधतो आहे. जुनं आफ्टरशेव्ह, जुनं कोलोन, वडिलांच्या कपाटातली अर्धी उरलेली हिरवी बाटली. या शौकाला स्मरणरंजन म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. पण पंचवीस वर्षांच्या पोराला १९७५ सालची कसली आठवण असणार? त्याला ओढ लागते ती बाटलीतल्या मालाची. त्या बाटल्यांमध्ये खरोखरच वेगळा ऐवज होता, आणि तो तसा का होता, हे पाहायचं तर पुरुषांच्या एका जुन्या अडचणीपासून सुरुवात करावी लागते.

अडचण ही की मधल्या दोन-तीन पिढ्यांत पुरुषाने उघडपणे सुगंध लावणं बरं दिसत नव्हतं. "काय रे, सेंट मारून कुठे निघालास?" या प्रश्नाला सभ्य उत्तर नसायचं. पण दाढी केली, कातडी सोलवटली, त्यावर जंतुनाशक म्हणून काहीतरी लावलं, याला कोण हसणार? आफ्टरशेव्ह हे औषधाच्या वेषात आलेलं अत्तर होतं. त्यातलं अल्कोहोल झोंबायचं, म्हणून ते गुणकारी वाटायचं. लवंगेच्या वासाचा कणा म्हणजे युजेनॉल, आणि दाढदुखीवरच्या लवंगतेलात तेच असतं. त्यामुळे वासही थोडा दवाखान्याकडे झुकलेला. आपल्याकडचा कायदाही या दोन गोष्टी एकाच दावणीला बांधत होता. अल्कोहोल असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर उत्पादन शुल्क लावणारा १९५५ चा कायदा दोहोंना मिळून एकच होता.

या वेषांतराचा सगळ्यात यशस्वी नमुना म्हणजे ओल्ड स्पाइस. विल्यम लाइटफूट शुल्ट्झ यांच्या अमेरिकी शुल्टन कंपनीने १९३७ साली या नावाने पहिला माल काढला तो चक्क बायकांसाठी. पुरुषांचं ओल्ड स्पाइस आलं पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये. मसाल्याचा धागा तोच ठेवला, पांढऱ्या बाटलीवर शिडाचं जहाज चढवलं, आणि तेवढ्यावर पुरुषजात निर्धास्त झाली. आपल्याकडे ते गोव्यात तयार होऊ लागलं. दूरदर्शनच्या दिवसांत समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन स्वार झालेला माणूस आणि मागे कार्ल ऑर्फच्या 'कार्मिना बुराना'चा दणदणीत कोरस, ही जाहिरात पाहिलेली माणसं आज साठीला आली आहेत. घरातल्या मोरीत आरशासमोर उभं राहून लोशन लावणाऱ्याला तो कोरस मनात ऐकू येत असेल, तर त्याला हसू नये. मूळ ब्रँड १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला, अमेरिकेत काचेच्या जागी प्लॅस्टिकची बाटली आली. भारतीय ओल्ड स्पाइस मात्र पुढेही बरीच वर्षं काचेतच मिळत राहिलं. हा वास जुन्या शुल्टनच्या जवळचा आहे, असं म्हणत अमेरिकेतले दाढीशौकीन आपल्या किराणा दुकानातली बाटली तिकडे मागवू लागले. गोव्याच्या मालाला असं 'फॉरेन' गिऱ्हाईक मिळालं.

त्याआधीच्या आपल्या पुरुषांना असल्या निमित्ताची गरजच नव्हती. फेटा बांधलेले पणजोबा कानाच्या पाळीमागे, खरं तर कानाच्या वरच्या घडीत, अत्तराचा फाया खोचून लग्नाला जायचे आणि मांडवात शिरताना पुन्हा अत्तरगुलाब घ्यायचे. अत्तरात भेद होता तो ऋतूंचा. थंडीत हिना, कारण ते उष्ण. उन्हाळ्यात वाळा, केवडा, गुलाब. त्यात बाप्यांचं कोणतं आणि बायांचं कोणतं, असा प्रश्न कुणी विचारत नसे. टेंभी नाक्याजवळच १८७९ सालचं शार हाशामायिम हे बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी यहुद्यांचं, सिनेगॉग आहे. शब्बाथ संपताना सुगंधी मसाले हुंगण्याचा एक विधी यहुदी धर्मात आहे, आणि त्या मसाल्यांवर आशीर्वाद म्हटला जातो. म्हणजे या एवढ्याशा परिसरातल्या मराठी पुरुषांना सुगंधाशी उघड नातं ठेवण्याची सवय चांगली जुनी. 'पुरुषी वास' हा वेगळा कप्पा पुढे दाढीच्या सामानाबरोबर आला.

त्या कप्प्याचा पाया कुठला, तर पॅरिसमधला. १८८२ साली हुबिगां या अत्तरघराण्यासाठी पॉल पार्के यांनी 'फुजेर रोयाल' बनवलं. फुजेर म्हणजे नेचा. खऱ्या नेच्याला सांगण्यासारखा वास नसतो, म्हणजे हा वास पूर्णपणे कल्पनेतला. त्यात वरच्या अंगाला लव्हेंडर, मध्ये फुलं, आणि तळाला दोन गोष्टी: कुमारिन आणि ओकमॉस. कुमारिनला वाळलेल्या गवताच्या गंजीचा, जरा बदामी गोडवा असलेला वास येतो. विल्यम पर्किन यांनी ते १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं होतं. प्रयोगशाळेतलं रसायन उंची अत्तरात वापरण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. लव्हेंडर, कुमारिन, ओकमॉस या तिकडीवर पुढची शंभर वर्षं पुरुषांच्या बाटल्या उभ्या राहिल्या. १९६४ चं फॅबर्जेचं 'ब्रूट', ज्याच्या हिरव्या बाटलीच्या गळ्यात बिल्ला असायचा, ते याच घराण्यातलं. १९८२ चं काळ्या बाटलीतलं 'ड्राकार नुआर'ही.

ओकमॉस या नावावर जाऊ नका, ते शेवाळ नाही. ओकच्या खोडाफांद्यांवर वाढणारं ते दगडफूल आहे. आपल्या गोड्या मसाल्यात जे करडं-काळं, कुरकुरीत, पापुद्र्यासारखं दगडफूल पडतं, त्याचा हा युरोपातला भाऊबंद. मसाला भाजताना दगडफूल तेलात टाकलं की जो मातकट, ओल्या सालीसारखा, थोडा धुरकट वास उठतो, तो नाकात नीट साठवून घ्या. जुन्या फ्रेंच कोलोनच्या तळाशी हाच सूर असतो. आणि कनौजचे अत्तरवाले हिना गाळताना जे छडीला नावाचं द्रव्य घालतात, तेही दगडफूलच. पॅरिस, कनौज आणि आपल्या आजीचा मसाल्याचा डबा या तिन्ही ठिकाणी एकाच जातीच्या वस्तूने हे काम केलं. वास खोल करायचा आणि बाकीच्यांना धरून ठेवायचा. एकदा हे लक्षात आलं की मराठी नाकाला जुनी पुरुषी अत्तरं परकी का वाटत नाहीत, याचा उलगडा होतो.

धरून ठेवणं म्हणजे काय, ते लोकलच्या हिशेबाने सांगतो. सुगंधातले हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. सकाळी घरी कोलोन लावून निघालात, तर टेंभी नाक्यावरून स्टेशनात पोचेपर्यंत लिंबू-संत्र्याची साल उडून गेलेली असते. मुलुंड-भांडुपला लव्हेंडर बोलत असतं. दादर येईतो लवंग, कार्नेशन, जिरेनियम वर येतात. आणि संध्याकाळी दमून परतताना सदऱ्याच्या कॉलरला जे उरलेलं असतं, ते दगडफूल, कुमारिन, चंदन, कस्तुरी. जुने अत्तरकार या संध्याकाळसाठी काम करत. आजच्या बाटलीचा सौदा मॉलमध्ये कागदाच्या पट्टीवर पाच मिनिटांत होतो, त्यामुळे सगळा जीव त्या पाच मिनिटांत ओतलेला असतो. स्प्रे डिओडरंटची तऱ्हा आणखी निराळी. ॲक्स भारतात आलं १९९९ मध्ये. फवारा मारला की डबाभर एकच सूर, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच. दिवसभरात बदलत जाणाऱ्या वासाची चटक ज्याला लागली, त्याला हा एकसुरीपणा कंटाळवाणा वाटतो. अर्थात दुसरी बाजूही आहेच. थंडीत दिल्लीला शोभणारं ड्राकार नुआर मे महिन्यात डोंबिवली फास्टमध्ये कुणी सढळ हाताने मारून आला, तर त्याला पुढच्या स्टेशनात उतरवावं, असं माझंही मत आहे.

हा सगळा व्यवहार ठाणेकरांनी फक्त नाकाने केला, असंही नाही. ठाण्यात १९२५ मध्ये उभी राहिलेली रेमंडची गिरणी १९४४ मध्ये सिंघानियांकडे आली. याच घराण्याची जेके हेलन कर्टिस ही प्रसाधनांची कंपनी १९६४ मधली. रेमंडने १९८६ मध्ये तयार कपड्यांसाठी 'पार्क अव्हेन्यू' काढलं आणि पुढे तेच नाव आफ्टरशेव्ह, साबण, डिओडरंटवर आलं. सुटाच्या कापडाशी पुरुषाचा वास जोडला गेला. हा प्रसाधनांचा धंदा २०२३ साली गोदरेजने २,८२५ कोटी रुपयांना घेतला. ज्यांनी पगाराच्या दिवशी ती बाटली विकत घेतली, त्यांना हा आकडा वाचून गरगरेल.

आणि खाडीच्या अलीकडे, मुलुंडला, केळकर. एस. एच. केळकर अँड कंपनी १९२२ पासून सुगंधाच्या धंद्यात आहे, 'कोब्रा' आणि 'केवा' ही त्यांची नावं या व्यवसायातल्या माणसाला पाठ असतात. साबणवाले, उदबत्तीवाले, तेलवाले यांना लागणारे सुगंध पुरवणारं हे घराणं, त्यामुळे गिऱ्हाइकाला नाव माहीत नाही आणि वास मात्र ओळखीचा. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंध आणि प्रसाधनशास्त्राचा अभ्यासक्रम चालतो, तो याच परिसराच्या पुण्याईवर. नोकरीसाठी व्हीटीपर्यंत जाणाऱ्यांच्या या टापूत नाकाच्या जोरावर पोट भरण्याची सोय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

विदेशी बाटलीचा मार्ग वेगळा होता. आयातीवर कडक बंधनं असताना ब्रूट किंवा तत्सम काही घरात यायचं ते आखातातून सुट्टीला आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून. कल्याणच्या पुढे उल्हासनगरात 'मेड इन यूएसए' छापलेला मालही मिळे, आणि त्या यूएसएचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगून लोक हसत हसत तोच विकत घेत. अशी मुश्किलीने मिळालेली बाटली रोज कोण वापरणार? ती सणावारी निघायची. म्हणून तर ती अजून अर्धी भरलेली सापडते.

आता तोच वास नव्याने का मिळत नाही? नाव तेच, बाटली तीच, पण शौकीन म्हणतात "मजा नाही", आणि ते खोटं बोलत नाहीत. ओकमॉसमध्ये ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल हे दोन घटक असतात. काही लोकांच्या कातडीला त्यांची तीव्र ॲलर्जी होते. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने त्यांच्यावर बंदी घातली, नवा माल २०१९ पासून बंद आणि दुकानातला २०२१ पर्यंत मागे. हे घटक काढून घेतलेलं ओकमॉस वापरता येतं, पण त्याचा सूर पातळ. कस्तुरीचं तसंच. अल्बर्ट बाउर या जर्मन रसायनतज्ज्ञाला १८८८ मध्ये स्फोटकांवर काम करता करता कृत्रिम कस्तुरीचा वास सापडला. त्या जातीतलं मस्क ॲम्ब्रेट पुढे त्वचेला आणि मज्जासंस्थेला घातक ठरलं आणि गेलं. खरी कस्तुरी तर हरणाच्या जिवावर बेतणारी, ती वन्यजीव कायद्याखाली गेली हे बरंच झालं. बंदी आणणाऱ्यांना शिव्या घालण्याची शौकिनांत फॅशन आहे. मला ती पटत नाही. कुणाची मान लाल चट्ट्यांनी भरत असेल तर माझ्या कॉलरच्या वासासाठी तिने सोसावं, हे काही बरोबर नाही. मात्र नवी कुपी 'मूळ वास' म्हणून विकू नये, एवढी अपेक्षा गैर नसावी.

जुनी बाटली हाती लागलीच, तर पहिल्या हुंगण्यावर निकाल देऊ नका. वरचा लिंबाचा थर वयोमानाने आंबतो, त्याला नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा भपका येतो. तो उडू द्या, दहा मिनिटं थांबा, खालचा ऐवज बहुधा शाबूत असतो. उन्हात किंवा न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेली बाटली मात्र सोडून द्या. ऊन आणि दमट उष्मा यांनी तळाचंही पाणी होतं. कपाटाच्या आत, खोक्यात, बूच घट्ट, ही जुन्या माणसांची पद्धत रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

आणि बाटलीच्या नादी लागायचं नसेल, तर मोहम्मद अली रोडवर जाऊन हिना हुंगा. कनौजला ते अजून देग-भपक्यावर गाळतात. तांब्याच्या देगेत फुलं, मुळं, मसाले आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, आणि भपक्यात मुरवायला चंदनाचं तेल. मुरलेलं अत्तर कातड्याच्या कुपीत ठेवायचं म्हणजे उरलंसुरलं पाणी कातड्यातून निघून जातं. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पॅराफिन किंवा तसलंच बिनवासाचं तेल आलं आहे, म्हणून भाव फारच मऊ सांगितला तर सावध व्हा. दुकानदाराला "चंदनावरचं आहे का?" असं थेट विचारा. तो मनगटाच्या मागच्या बाजूला काडीने एक रेघ ओढेल आणि भाव सांगेल. भाव ऐकून नुसते परत फिरलात तरी रेघेचे पैसे तो घेत नाही, आणि ठाण्याला उतरेपर्यंत तिच्यातलं दगडफूल वर आलेलं असतं.