मुक्कामाची गाडी आली का?

दोस्तांनो, शहरात एक बस चुकली तर आपण काय करतो? थोडी कुरकुर करतो आणि दुसरीची वाट बघतो. पण महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या कितीतरी वाड्यांवर शाळेच्या वेळेला एसटी असते एकच. ती गेली की गेली! मग पाठीवर दप्तर आणि तंगडतोड.

या सकाळच्या गाडीची गंमत ठाऊक आहे? ती सकाळी येतच नाही, आदल्या रात्रीच आलेली असते! संध्याकाळी आगारातून सुटायचं, शेवटचं गाव गाठायचं, ड्रायव्हर-कंडक्टरनं तिथंच झोपायचं आणि पहाटे शाळेची पोरं, बाजारकरी, दवाखान्यात निघालेली एखादी आजी, सगळ्यांना घेऊन परतायचं. हीच मुक्कामाची गाडी. म्हणूनच संध्याकाळची फेरी रद्द झाली, की उद्याची शाळा बुडालीच समजा.

"मग रेल्वेनं जावं," असं कुणी म्हणेल. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली खरी, पण महाडकरांना तिच्यासाठी वीर स्टेशन गाठावं लागतं. पोलादपूर गावात तर स्टेशनच नाही.

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना भाड्याच्या एक तृतीयांशात. पण पास दाखवायला गाडी तर हवी! करोनानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या आणि थोड्याच दिवसांत राज्यभर एसटीचा संप पसरला. तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगारांचं पगाराचं दुखणं खरंच होतं. पण खाजगी जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि तिथं पासही चालत नाही.

पावसाळ्यात मात्र ड्रायव्हरकाकांवर रागावू नका हं! २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. पाणी चढलेलं दिसताच गाडी अलीकडे थांबवणारा ड्रायव्हर शहाणाच.

पण कोरड्या दिवशी फेरी का रद्द झाली, हे विचारायला काय हरकत आहे? आईबाबांना सांगा, ग्रामपंचायतीतर्फे आगारप्रमुखांना अर्ज द्या. त्यात मुलं किती, शाळा किती वाजता भरते आणि कोणकोणत्या तारखांना गाडी आली नाही, हे लिहा. तारखांची वही मात्र तुम्हीच ठेवायची. आजपासूनच!