औषध मोडून पाहण्याचे शास्त्र

अ‍ॅस्पिरिनच्या जुन्या बाटलीचे बूच काढले की पुष्कळदा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ‘औषध उतरले’ असे आपण म्हणतो. परंतु औषध नुसते नाहीसे झालेले नसते, त्याच्या जागी दुसरेच काही आलेले असते. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत सॅलिसिलिक आम्लाला अ‍ॅसिटिक आम्लाचा अंश जोडलेला असतो. दमट हवा हा सांधा तोडते. सुटलेले अ‍ॅसिटिक आम्ल नाकाला कळते. मागे राहिलेले सॅलिसिलिक आम्ल जठराला बोचते.

मग एवढ्यासाठी प्रयोगशाळा कशाला, नाक पुरे आहे, असे कोणी म्हणेल. पण सर्वच औषधे अशी बोलकी नसतात, आणि मोजमापही फसवे असू शकते. आम्ही अ‍ॅस्पिरिन मुद्दाम निवडले ते याचसाठी. ते स्वतः आम्ल असल्यामुळे अल्कलीचे द्रावण थेंबथेंब घालून ते मोजता येते. गंमत अशी, की धड रेणूचे एक आम्ल, तर मोडलेल्या रेणूची दोन! ती दोन्ही बाटलीतच कोंडून राहिली, तर या मोजणीत नासलेले औषध ताज्याहून सरस ठरावयाचे. तेव्हा मोजण्याची रीतच आधी मोडक्या औषधावर पारखून घ्यावी लागते.

याकरिता रसायनज्ञ औषधाचा चक्क छळ करतात. एक नमुना आम्लात, दुसरा अल्कलीत, तिसरा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये. शिवाय ५०-६० अंश सेल्सिअसची उष्णता, ७५ टक्के वा अधिक आर्द्रता आणि प्रखर प्रकाश. साधारणतः ५ ते २० टक्के औषध मोडले की थांबण्याचा प्रघात आहे. त्यापुढे तुकड्यांचेही तुकडे पडतात आणि घरच्या कपाटात कधीच निपजणार नाहीत असले पदार्थ समोर येतात. नंतर क्रोमॅटोग्राफीने घटक निरनिराळे करून जमाखर्च मांडतात. औषध जितके घटले, तितके तुकडे सापडले पाहिजेत. ताळा जुळला नाही, तर काही तरी नजरेतून निसटले आहे.

निसटले तर काय बिघडते? १९६३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी खराब झालेले टेट्रासायक्लिन घेतलेल्या रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होऊन साखर व अमिनो आम्ले लघवीवाटे वाहून जात होती. औषध थांबल्यावर ते सावरले. उष्णता, ओल आणि आम्ल यांच्या योगाने टेट्रासायक्लिनच्या रेणूतून पाण्याचा अंश निघून जातो, रेणूची मांडणी एका ठिकाणी उलटते, आणि मूत्रपिंडाला घातक असा नवा पदार्थ तयार होतो. कॅप्सूलमध्ये पूरक म्हणून घातलेले सायट्रिक आम्लच या मोडतोडीला हातभार लावीत होते! पुढे ते वगळण्यात आले.

गोळ्यांच्या डबीत ओल शोषणारी एक बारीकशी पुडी असते, ती बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी केरात जाते. कोणत्या औषधाला ती पुडी हवी, कोणाला तपकिरी बाटली आणि कोणाला धातूच्या पत्र्याचे वेष्टन, हे ठरविताना या छळातून निघालेल्या आकड्यांचाच आधार घेतला जातो.