खांद्यातील मुका चुना

गेल्या वर्षी खोकल्यासाठी बुलढाण्यास छातीचे क्ष-किरण चित्र काढविले. फुप्फुसे निर्मळ निघाली. परंतु उजव्या खांद्यापाशी एक पांढरा ठिपका उमटला होता. ‘कॅल्शियमचा साठा’ हे शब्द ऐकताच मी दूध वर्ज्य केले व हात वर करण्यासही भिऊ लागलो. वस्तुतः खांदा कधी दुखलाच नव्हता!

खांद्याचे स्नायू ज्या चिवट पट्ट्यांनी हाडास जोडलेले असतात, त्यांस कंडरा म्हणतात. त्यांत कधीकधी चुन्याचे क्षार साचतात. दुधास किंवा आमच्या पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्यास त्याबद्दल दोष देण्यास आधार नाही.

बॉसवर्थ नामक अमेरिकन शल्यतज्ज्ञाने न्यूयॉर्कमधील ६,०६१ कचेरी-नोकरांचे खांदे क्ष-किरणांनी तपासून १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा २.७ लोकांत असे साठे आढळले. त्यांतील बहुतेकांना वेदनेचा गंधही नव्हता. नवल असे, की हे साठे पुष्कळदा आपोआप विरतात. आणि शरीर ते जिरवू लागते तेव्हाच कधीकधी तीव्र कळा उठतात.

म्हणून उपचार चित्रावर नव्हे, माणसावर करावयाचा. खांदा दुखत नसेल, तर केवळ ठिपक्यापायी औषध नको आणि हात जखडून ठेवणेही नको. दुखू लागल्यास मात्र डॉक्टरांस दाखवावे. कारण ठिपका असला, तरी दुखण्याचे मूळ अन्यत्र असू शकते.

माझे दूध पुनः सुरू झाले आहे. ठिपक्याची मी आता विचारपूस करीत नाही.