गुरूविना दीक्षा : विक्कातील एकांडे साधक

विक्का हे नाव ऐकताच चेटूक, काळी जादू आणि झाडूवर बसलेली म्हातारी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात निसर्गाला देव-देवीच्या रूपात पूजणारा हा पंथ अगदी अलीकडचा आहे. मलायातील सीमाशुल्क खात्यातून निवृत्त झालेले इंग्रज अधिकारी जेराल्ड गार्डनर यांनी तो १९५० च्या दशकात लोकांपुढे आणला. ब्रिटनमधील चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचे 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आले.

गार्डनर यांच्या परंपरेत प्रवेशाचे दार एकच होते. 'कव्हन' नावाच्या छोट्या मंडळाकडून दीक्षा घ्यायची, तीन पायऱ्या चढायच्या आणि विधींची वही स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायची. जवळपास मंडळ नसेल, तर जिज्ञासूने करायचे काय? गंमत अशी, की यावर तोडगा याच परंपरेतील जाणत्यांनी काढला. गार्डनरप्रणीत विक्का अमेरिकेत नेणारे रेमंड बकलंड यांनी १९७४ मधील 'द ट्री' या पुस्तकात स्वयंदीक्षेला मान्यता दिली. गार्डनर यांच्या सहकारी पुरोहित डोरीन व्हॅलिएंटी यांनीही १९७८ मध्ये तसा विधी छापला. स्कॉट कनिंगहॅम यांनी तर १९८८ मध्ये खास एकट्याने साधना करणाऱ्यांसाठीच मार्गदर्शिका लिहिली. दीक्षा परंपरेनेच मिळते, असे मानणाऱ्या जुन्या मंडळींना हे आजही पटत नाही.

स्वतःचा मार्ग शोधणे म्हणजे नेमके काय, हे ऑस्ट्रेलियात चांगले दिसते. विक्काचे आठ सण ब्रिटनच्या ऋतुमानावर बेतलेले आहेत. पितरांचे स्मरण करण्याचा 'सावीन' हा सण ३१ ऑक्टोबरला, पानगळीत येतो. ऑस्ट्रेलियात मात्र तेव्हा वसंत असतो. त्यामुळे तेथील अनेक साधक पंचांगच सहा महिन्यांनी फिरवतात आणि हिवाळ्यातील संक्रमणाचा सण जूनमध्ये साजरा करतात. पुस्तकातली तारीख की खिडकीबाहेरचे झाड, असा हा प्रश्न आहे, आणि निसर्गपूजेत झाडाला कौल मिळणे स्वाभाविकच.

निवड नेहमीच इतकी सोपी नसते. निरनिराळ्या परंपरांतून हवे ते घेणारे साधक इजिप्तची इसिस, आयर्लंडची ब्रिजिड आणि आपली काली यांना एकाच चौरंगावर बसवतात. कालीमागचे शाक्त तत्त्वज्ञान आणि पूजापद्धती समजून न घेता केवळ तिचे उग्र रूप उचलले, तर ती मूर्ती शोभेचीच ठरते. हा आक्षेप पंथातूनही घेतला जातो आणि तो रास्त आहे.

एकांड्या साधकाची खरी कसोटी लागते ती सरकारदरबारी. व्हर्जिनियातील एका कैद्याने टपालाद्वारे विक्काचे शिक्षण घेतले आणि विधींसाठी मेणबत्त्या, मीठ व धूप मागितला. तुरुंग प्रशासनाने नकार दिला. विक्का हा धर्मच आहे, असे अपील न्यायालयाने १९८६ मध्ये मान्य केले. मेणबत्त्या मात्र सुरक्षेच्या कारणास्तव त्याला मिळाल्या नाहीत.