बटाटा का फुगतो, रताळे का फुगते?

महाशिवरात्र जवळ आली की भुसावळच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. शेजारीच बटाटे असतात. उपवासाच्या ताटातही ही जोडी सोबतच असते. ‘ही दोन्ही मुळेच ना?’ असे वर्गात विचारून पाहा; बहुतेक हात वर होतील. रताळे हे मूळ आणि बटाटा हे खोड, हे पाठ्यपुस्तकात असतेच. परंतु एखादे मूळ किंवा खोड जमिनीखाली फुगू लागते ते कशामुळे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आम्हीही तो विचारला नव्हता. दीपनगरच्या परसबागेत फजिती झाली तेव्हा तो सुचला.

औष्णिक वीज केंद्राच्या या वसाहतीत आम्ही बटाट्याचे दोन वाफे केले. पहिल्यात नोव्हेंबरच्या आरंभी फोडी लावल्या, दुसऱ्यात जानेवारीच्या अखेरीस. खत-पाणी दोन्हींना सारखेच. दुसऱ्या वाफ्याचा पाला पहिल्याहून उंच आणि हिरवागार झाला, म्हणून आम्ही खूश होतो. पहिल्या वाफ्यातून फेब्रुवारीत मुठीएवढे बटाटे निघाले होते. एप्रिलच्या सुरुवातीला दुसरा वाफा खणला, तर हाती आल्या गोट्यांएवढ्या चार-पाच गाठी आणि लांबच लांब पांढरे दोरे!

दोऱ्याचा बटाटा होतो

हे दोरे मुळे नव्हेत. खोडाचा जो भाग मातीत असतो त्याच्या पेरांतून निघालेल्या त्या आडव्या फांद्या आहेत. योग्य वेळ आली की अशा फांदीची लांबी वाढणे थांबते. लांबी वाढवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचे प्रमाण टोकाशी घटते, पेशींच्या विभाजनाची दिशा बदलते आणि टोकामागचा भाग जाड होऊ लागतो. पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून तेथे येते आणि तिचा स्टार्च होतो.

साखर साखर म्हणूनच का साठवली जात नाही? विरघळलेली साखर पेशीत पाणी ओढून घेते. स्टार्चचे कण पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ साठा मावतो. शिवाय आलेल्या साखरेचा लगेच स्टार्च होत राहिल्याने पानांकडून आणखी साखर येण्यास वाट मोकळी राहते.

बटाटा खोड असल्याचा पुरावा त्याच्या अंगावरच आहे. प्रत्येक डोळा म्हणजे एका खवल्यासारख्या पानाच्या बगलेतील कळ्या. डोळ्यांत टाचण्या टोचून त्यांना क्रमाने दोरा गुंडाळा. फांदीवरच्या पानांसारखीच मळसूत्री रचना दिसेल. उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, निरुपद्रवी. पण उजेडामुळे सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढते. म्हणून बटाट्याला मातीची भर देतात आणि हिरवा भाग कापून टाकतात.

पानांकडून निरोप

‘योग्य वेळ’ कोणती, हे दोऱ्याला कोण सांगते? पाने सांगतात. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. तेथील जुन्या जातींना दिवस लहान झाल्यावरच बटाटे धरतात. १९८१ मध्ये चैलाख्यान आणि सहकाऱ्यांनी बटाट्याच्या खुंटावर तंबाखूचे कलम केले. तंबाखूला फुलण्यास अनुकूल दिवसमान मिळाले, तेव्हा खाली बटाटे धरले! म्हणजे फुलण्याचा निरोप आणि बटाटा धरण्याचा निरोप एकमेकांचे जवळचे नातलग असले पाहिजेत. २००६ मध्ये अंजन बॅनर्जी व सहकाऱ्यांनी दाखवले की, पानांतील एक आरएनए रेणू रसवाहिन्यांतून या दोऱ्यांच्या टोकांपर्यंत प्रवास करतो. बॅनर्जी यांनी हे काम पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत चालू ठेवले. २०११ मध्ये एसपी६ए हे निरोप्या प्रथिन ओळखले गेले. ते खरोखरच फुलण्याच्या निरोपाच्या कुळातले निघाले.

आता आमची फजिती उलगडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस काही फार लांबत नाहीत, आणि आजच्या पुष्कळ जाती दिवसमानाबाबत तितक्या काटेकोरही नाहीत. नडली ती उष्णता. बटाटे धरायला रात्रीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असले तर उत्तम. मातीचे तापमान तिशीच्या आसपास गेले की गाठी धरणे जवळजवळ थांबते. आपल्याकडे मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो. अशा उन्हाळ्यात एसपी६ए घटते, पाला मात्र वाढत राहतो. साखर होती, पण ‘साठवा’ हा निरोप नव्हता.

रताळ्याची रीत वेगळी

रताळ्याच्या वेलाचे तुकडे लावले की पेरांतून मुळे फुटतात. आरंभी ती सारखीच दिसतात. पुढे काहींचा मध्यभाग काष्ठमय होतो. ती बारीकच राहतात. काहींमध्ये नव्या पेशी निर्माण करणारा थर जोमाने काम करतो, जलवाहिन्यांभोवतीही असे नवे थर तयार होतात आणि त्यांतून जन्मलेल्या मऊ पेशींत स्टार्च भरतो. हीच रताळी. माती घट्ट असली किंवा पाणी साचले, तर मुळे पहिल्या वाटेने जातात. म्हणून रताळे भुसभुशीत वरंब्यावर लावतात. नत्र जास्त झाले तर वेल माजतो आणि रताळी कमी लागतात. रताळ्यावर पेरे नसतात, म्हणून बटाट्यासारखे डोळेही नसतात.

गंमत अशी की ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, आणि कॅरिबियन बेटांवरील त्याच्या मूळ भाषेत त्याचा अर्थ होता रताळे! नात्याने मात्र बटाटा आपल्या भरताच्या वांग्याचा भाऊबंद आहे.

रावेर-यावलकडचे शेतकरी केळीचा जो कंद लावतात, तोही खोडच, आखूड आणि जाड. जमिनीवर दिसणारा केळीचा ‘खांब’ म्हणजे पानांचे एकमेकांभोवती गुंडाळलेले तळभाग.

शाळेत जागा असेल तर नोव्हेंबर आणि जानेवारी अशा दोन लागवडी करा. दर आठवड्याला दुपारी बोटभर खोलीवर मातीचे तापमान घ्या, पाल्याची उंची मोजा आणि शेवटी बटाटे तोला. उंची आणि वजन यांचे आकडे शेजारी मांडले की विद्यार्थ्यांना एक गोष्ट न सांगता कळेल: पाला पाहून जमिनीखालच्या पिकाचा अंदाज बांधू नये. आम्ही तो बांधला, आणि एक वाफा गमावून शिकलो.