परवाना-मंडळाची पात्रता आणि ‘सक्रिय’ हे विशेषण

एकच विशेषण एका लेखात अर्हता ठरते आणि दुसऱ्यात तेच संशयाचे कारण बनते, याचे एक लक्षणीय उदाहरण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दंतवैद्य-परीक्षक मंडळाच्या खटल्यात आढळते.

दंतवैद्यकाचे परवाने देणे व काढून घेणे हे या मंडळाचे काम. खटल्याच्या वेळच्या कायद्यानुसार त्याचे सदस्य आठ. पैकी सहा परवानाधारक दंतवैद्य असावेत व ते ‘सक्रिय’पणे व्यवसाय करीत असावेत, अशी अट होती. त्यांस सरकार नेमीत नसे. राज्यातील दंतवैद्यच त्यांना निवडून देत. सातवा सदस्य डेंटल हायजीनिस्ट, म्हणजे दात स्वच्छ करण्याचे शिक्षण घेतलेला परवानाधारक. त्यास त्याचे समव्यावसायिक निवडीत. ग्राहकांच्या प्रतिनिधीची तेवढी नेमणूक गव्हर्नर करी. दंतवैद्याच्या परवान्याचा प्रश्न निघाला की मात्र या शेवटच्या दोघांस मत नव्हते. पात्रता आठांस, निर्णय सहांचा!

या अटीमागील हेतू उघड आहे. ज्याचा हात रोज रुग्णाच्या तोंडात आहे, त्यासच त्या कामाची पारख असणार.

आता याच कायद्यातील दुसरे एक पद पाहू. मनुष्याच्या दातांवरील डाग व किटण काढणे म्हणजे दंतवैद्यक, असे तेथे म्हटले होते. दात पांढरे करण्याचा उल्लेख नव्हता. १९९० नंतरच्या दशकात दंतवैद्य हे काम करू लागले. २००३ च्या सुमारास इतर लोकही ते कमी दरात करू लागले. दंतवैद्यांच्या तक्रारी आल्या. त्यांत अपायाची भीती थोडी, कमी दराचे दुःख अधिक. २००६ पासून मंडळाने हे काम बंद करण्यास सांगणारी निदान ४७ पत्रे धाडली. रंग उजळणे हे डाग काढण्यात मोडते काय, हा खरे तर अर्थनिर्णयाचा प्रश्न. तो ज्यांचा त्यात व्यवसाय गुंतला होता त्यांनीच सोडविला.

फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये मंडळावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आरोप ठेवला. २५ फेब्रुवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मंडळाविरुद्ध निर्णय दिला. न्या. केनेडी यांच्या निकालपत्राचा मथितार्थ असा : मंडळात निर्णायक संख्या त्याच बाजारपेठेत ‘सक्रिय’ असणाऱ्यांची असेल, तर राज्याची ‘सक्रिय’ देखरेख असल्यावाचून मंडळास राज्याचे संरक्षण मिळणार नाही.

म्हणजे सदस्यत्वास जे आवश्यक, तेच संरक्षणास बाधक. मराठी अनुवादक येथे बहुधा ‘व्यवसायरत’, ‘हितसंबंधी’ व ‘प्रत्यक्ष’ असे तीन शब्द योजील. वाक्ये सुबोध होतील, पण पेच नाहीसा होईल. प्रतिशब्द एकच ठेवावा, असे माझे मत आहे.

निर्णय मला योग्य वाटतो, परंतु न्या. अलिटो यांनी भिन्नमतपत्रात विचारलेला एक प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकाने टाळू नये. सदस्याने मुदतीपुरता व्यवसाय थांबविला आणि मुदत संपताच पुन्हा सुरू केला, तर मधल्या काळात त्यास ‘सक्रिय’ म्हणावयाचे की नाही? कृतीचे सातत्य विशेषणाच्या अर्थात गृहीत आहे, की केवळ परत येण्याचा इरादा पुरेसा आहे, याचे उत्तर बहुमताच्या निकालपत्रात मिळत नाही.