फोनवर आवाज कमी येतो? आधी जाळी पाहा, मग पार्ट बदला

"समोरच्याचे बोलणे नीट ऐकूच येत नाही हो!" मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार रोजची आहे. फोन कानावर घट्ट दाबून धरावा लागतो. बाजारात किंवा एस.टी.त बसल्यावर तर काहीच उमगत नाही. मग माणूस नाइलाजाने मोठा स्पीकर चालू करतो आणि घरातली बोलणी चार परक्यांच्या कानावर जातात. वयस्कर माणसे तर हळूहळू फोन घेणेच सोडतात. दुबईहून किंवा मस्कतहून मुलाचा फोन येतो आणि वडील दोन शब्द बोलून तो सुनेच्या हाती देतात. घरच्यांना वाटते, म्हाताऱ्याचे मन लागत नाही. दोष मात्र अनेकदा फोनच्या माथ्यावरच्या एका बारीक फटीत असतो.

या फटीमागे जो छोटा स्पीकर असतो त्याला आपले कारागीर 'इअर स्पीकर' म्हणतात, कंपन्यांच्या पुस्तकात त्याचे नाव 'रिसीव्हर' आहे. आत एक लहानसे लोहचुंबक, केसासारख्या तारेची गुंडाळी आणि एक पातळ पडदा. पडदा थरथरला की आवाज होतो. त्याच्यापुढे धूळ अडवण्यासाठी बारीक जाळी असते, आणि खरी गोम इथेच आहे. गालाचा घाम, डोक्याचे तेल, कानातला मळ, पावडर आणि खिशातली धूळ यांचा लेप या जाळीवर महिनोन्‌महिने बसत जातो. तो जाळीची भोके बुजवतो आणि त्यात आधी बारीक, उंच पट्टीचे ध्वनी अडतात. 'स', 'श', 'थ', 'फ' यांसारखी व्यंजने त्याच ध्वनींवर ओळखता येतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. गिऱ्हाईक 'आवाज घुमतो' असे म्हणते, तेव्हा जाणत्या कारागिराची नजर आधी जाळीकडे जाते.

कोणाचा व्यवसाय काय, हेही इथे विचारून घ्यावे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये सुताचे तंतू बसतात. लेथवर किंवा वेल्डिंगच्या कामावर असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आत लोहचुंबक असल्याने लोखंडाचा बारीक कीस आपोआप खेचला जातो आणि आवाज कमी होण्याबरोबर खरखरही सुरू होते. असा कीस ब्रशने हटत नाही, तो चिकट पदार्थाला चिकटवूनच काढावा लागतो.

उघडण्यापूर्वी चार प्रश्न

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी पाच मिनिटे बोलण्यात घालवली तर पुढचा तास वाचतो. आवाज सर्वांचाच कमी येतो की एकाच माणसाचा? एकाचाच असेल तर दोष त्याच्या फोनच्या माईकमध्ये आहे. घरातच कमी येतो आणि बाहेर ठीक येतो, तर नेटवर्कचा प्रश्न. मोठा स्पीकर लावल्यावरही बोलणे तुटक येत असेल, तर इअर स्पीकरला बोल लावण्यात अर्थ नाही.

बोलणे चालू असतानाच बाजूचे आवाजाचे बटण दाबून पाहावे. पुष्कळ लोक फोन रिकामा असताना बटण दाबतात, त्याने रिंगचा किंवा गाण्याचा आवाज वाढतो, बोलण्याचा नव्हे. ब्लूटूथ बंद करून पाहावे. कधी कधी घरातल्या दुसऱ्या खोलीत पडलेला इअरफोन सगळा आवाज तिकडे ओढून नेत असतो. आणि टेम्पर्ड ग्लास! रस्त्यावर बसवलेली काच अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी फट झाकली जाते. तेवढी काच काढताच तक्रार संपली, असे कितीतरी फोन असतात.

सर्वांत सोपी परीक्षा व्हॉट्सॲपची. आलेला एखादा आवाजी निरोप सुरू करून फोन कानाला लावावा. फोन कानाजवळ गेला की तो निरोप इअर स्पीकरमधून वाजतो. तिथे आवाज खणखणीत असेल आणि कॉलवरच बारीक येत असेल, तर स्पीकर आणि जाळी दोन्ही ठीक आहेत. मग सेटिंग आणि नेटवर्क तपासावे. तोच निरोप दोन्ही कानांना लावून ऐकायला सांगावे. एका कानाला स्पष्ट आणि दुसऱ्याला अस्पष्ट येत असेल, तर दुरुस्तीची गरज फोनला नाही. वयोमानानुसार उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. "चाचा, एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या," असे अदबीने सांगणारा दुकानदार त्या दिवशी चार पैसे कमी कमावील, पण त्या घरातले सगळे फोन पुढे त्याच्याकडेच येतील.

जाळी साफ करण्याची रीत

फोन बंद करावा आणि पडदा खाली करून धरावा, म्हणजे निघालेला मळ आत न जाता खाली पडतो. कोरडा, मऊ ब्रश फटीवरून हलक्या हाताने फिरवावा. लहान मुलांचा दात घासायचा नवा ब्रश चालतो. चिकट मळासाठी स्टेशनरीच्या दुकानात कागद भिंतीला चिकटवायची पुट्टी मिळते, तिचा गोळा फटीवर दाबून उचलावा. तीन-चार वेळा केले की गोळ्यावर काळे ठिपके उमटतात आणि गिऱ्हाइकाला ते डोळ्यांनी दिसतात. तरीही न निघाल्यास ब्रशचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने नुसते ओलसर करावे. थेंब ओतू नये. थिनर किंवा पेट्रोल तर मुळीच नको, त्याने डिंक सुटतो आणि प्लास्टिक खराब होते.

टाचणी आणि सुई यांना मात्र दूर ठेवा. जाळीमागे पडदा अगदी लागून असतो. एक टोच आणि पडदा फाटला, मग साफसफाईचे काम पार्ट बदलण्याचे होऊन बसते. जोराने फुंकणे किंवा ब्लोअरची हवा मारणे हेही तसेच, मळ बाहेर येण्याऐवजी आत बसतो.

एवढे करूनही फरक पडला नाही, तरच फोन उघडावा. आत गेल्यावर मल्टिमीटर लावा. साध्या इअर स्पीकरचा रोध सुमारे 32 ओहम असतो. ज्या फोनमध्ये हाच स्पीकर गाण्यासाठी दुसरा स्पीकर म्हणूनही वाजतो, त्यात तो सुमारे 8 ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर गुंडाळी तुटली, पार्ट बदलावाच लागेल. रोध बरोबर असेल तर संपर्काच्या पट्ट्यांवर गंज आहे का ते पाहावे, कोकणातल्या दमट हवेत हे फार होते. ज्या फोनचा डिस्प्ले नुकताच बदलला आहे, त्यात स्पीकरभोवतीची रबरी गादी परत बसवली का, याची खात्री करावी. ती राहून गेली की आवाज फटीतून बाहेर येण्याऐवजी फोनच्या पोटातच पसरतो. घाईत डिस्प्ले बदलणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे. इथवर काही सापडले नाही तर दोष बोर्डावर, आणि ते काम हात बसलेल्या माणसाकडेच द्यावे.

आयफोनच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी. आयफोन टेनपासून ट्वेल्व्हपर्यंतच्या फोनमध्ये इअर स्पीकरच्या पट्टीवरच चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेचा एक भाग आहे आणि तो त्याच फोनच्या बोर्डाशी जोडलेला असतो. बाजारातली नवी पट्टी सरळ बसवली तर आवाज येईल, पण फेस आयडी बंद पडेल. जुना भाग नव्या पट्टीवर चढवण्याचे कसब नसेल तर असे काम नाकारणेच शहाणपणाचे.

आता पैशांचा मुद्दा. जाळी साफ करायला दहा मिनिटे लागतात. कारागिराला भीती वाटते की नुसत्या ब्रश मारण्याचे पैसे गिऱ्हाईक देणार नाही. मग तो फोन आतल्या खोलीत नेतो, अर्ध्या तासाने परत आणतो आणि "स्पीकर बदलला" म्हणून सांगतो. हा प्रकार सर्रास चालतो आणि त्याला आपल्या धंद्यात कोणी खोटे म्हणतही नाही. आमच्या मते मजुरी घेण्यात काहीच गैर नाही. दोष ओळखणे हीच तर विद्या, तिचे दाम उघडपणे मागावे. दुकानात 'तपासणी व सफाई' असा दर लिहून लावावा, काउंटरवर भिंग ठेवावे आणि काम गिऱ्हाइकासमोर करावे. पार्ट खरोखर बदलला असेल तर जुना पार्ट पुडीत बांधून परत द्यावा. गिऱ्हाइकानेही तो मागून घ्यायला संकोचू नये.

फोन वॉरंटीत असल्यास मात्र बाहेर उघडू नये, कंपनीच्या अधिकृत केंद्रात न्यावा. पाणी रोखणारे फोन एकदा उघडले की त्यांचे सील पूर्वीसारखे राहतेच असे नाही, हेही आधी विचारून घ्यावे. दुरुस्तीचे भाग आणि केंद्रे यांची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल सुरू केले. केंद्राने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, त्यासाठी बिल जपून ठेवावे.